माझ्या पाण्यातली भुरी फुलं

मित्रांनो, मी एक जुनी काचेची टाकी आहे. अडीच फूट लांब, सव्वा फूट उंच. माझ्या पोटात मिठाचं पाणी असतं आणि त्यात समुद्रातले दोन-चार जीव राहतात. आता माझ्या काचांवर ओरखडे पडलेत, कडांना मिठाचे पांढरे पापुद्रे धरतात आणि एका कोपऱ्यातून अधूनमधून पाणी पाझरतं. फार बोलायची हौस राहिलेली नाही. पण आमच्या घरात जे घडलं ते कुणीतरी सांगायला हवं, आणि ते सगळं मी समोरून पाहिलं आहे.

माझा जन्म दापोडीतला. रेल्वेलगतच्या एका गल्लीत कोंडाजींचं काच कापायचं दुकान होतं. एका कापडवाल्याच्या दर्शनी काचेला कडेने तडा गेला, म्हणून त्याने ती टाकून दिली. कोंडाजींनी तिच्यातला चांगला भाग निवडून पाच तुकडे कापले आणि चिकटवून मला उभं केलं. तीन दिवस पाणी भरून ठेवलं. कुठून गळत नाही अशी खात्री झाल्यावर त्यांनी मला वर्तमानपत्राने पुसून लख्ख केलं.

पिंपरीतल्या एका हॉटेलवाल्याने मला गल्ल्याशेजारी ठेवलं. तेव्हा माझ्यात साधं गोडं पाणी आणि सोनेरी मासे होते. मिसळ येईपर्यंत पोरं माझ्या काचेला नाक लावून उभी राहायची. "आई, हा बघ, हा माझ्याकडेच बघतोय!" असं कुणी म्हटलं की मला फार बरं वाटायचं. सहा वर्षं अशी सुखात गेली. मग हॉटेल दुसऱ्याने घेतलं, भिंतींना नवा रंग आला आणि माझी रवानगी गच्चीवर झाली. माझ्यात फुटक्या ट्यूबलाइट ठेवल्या गेल्या. दोन उन्हाळे मी कबुतरांची घाण अंगावर घेत पडून होते.

एकदा त्या गच्चीवरच्या पाण्याची मोटर दुरुस्त करायला एक गृहस्थ आले. ते अर्जुनराव. चाकणच्या एका कारखान्यात मेंटेनन्सला होते आणि सुट्टीच्या दिवशी अशी बारीकसारीक कामं करायचे. त्यांनी मला उन्हात धरून पाहिलं, बोटाने कडा तपासल्या आणि मालकाला म्हणाले, "ही टाकी नेऊ का हो?" मालक म्हणाला, "न्या की, तेवढीच अडगळ कमी." रिक्षात मला मांडीवर घेऊन अर्जुनराव आकुर्डीला आले.

अर्जुनराव मूळचे बीडकडचे. त्यांनी पहिल्यांदा समुद्र पाहिला तो स्वतःच्या लग्नात, कारण त्यांच्या पत्नी इंदुताई वेंगुर्ल्याच्या. हळदीच्या अंगाने ते अर्धा तास किनाऱ्यावर उभे होते, असं इंदुताई हसून सांगत. आता पन्नाशी उलटल्यावर त्यांनी ठरवलं की घरात समुद्राचं पाणी ठेवायचं.

"ह्यां कित्याक होया? कशाला हवं हे?" इंदुताई म्हणाल्या. रागावल्या की त्यांच्या तोंडी माहेरची बोली यायची. "समुद्र काय अडीच फुटात मावतो? तिथे आमचं अख्खं बालपण मासे निवडण्यात गेलं. आता इथे ते पाळायचे?"

"अगं, कोपऱ्यात राहील. तुला काही करावं लागणार नाही," अर्जुनराव म्हणाले.

त्यांनी बादलीत पाणी मोजून मीठ कालवलं, पंप लावला, दिवा लावला. चिंचवडला बुद्धरत्न नावाच्या माणसाचं मत्स्यालयाचं दुकान होतं. तिथून नारिंगी अंगावर पांढरे पट्टे असलेले दोन मासे आले, काही गोगलगायी आल्या. आणि कुणीतरी आपली टाकी मोडली होती, तिच्यातला एक सच्छिद्र दगड आला. अर्जुनराव सकाळी कंपनीच्या बसला निघण्याआधी आणि शिफ्टवरून आल्यावर, बूटही न काढता, माझ्यासमोर बसायचे. मित्रांनो, गच्चीवरच्या त्या दिवसांनंतर मला वाटलं, आपलं भाग्य फळफळलं.

तीन महिन्यांनी त्या दगडाच्या खाचेत एक इवलंसं फूल दिसू लागलं. तपकिरी, अर्धपारदर्शक, केसासारख्या पाकळ्यांचं. पाण्याबरोबर ते डुलायचं आणि गोगलगाय जवळ आली की चटकन स्वतःला खाचेत ओढून घ्यायचं. ते फूल नव्हतंच, तो एक प्राणी होता. त्याच्या प्रत्येक पाकळीला डंख होता.

इंदुताई दोन हात लांबूनच म्हणाल्या, "अहो, खडकावर असली असतात. हात लावला की चुरचुरतं. आत्ताच काढून टाका."

"राहू दे. एवढंसं तर आहे. छान दिसतंय," अर्जुनराव म्हणाले.

एकाची तीन झाली. तिनाची नऊ झाली. मग अर्जुनरावांनी लांब स्क्रूड्रायव्हरने ती चिरडायला घेतली. तिथेच चूक झाली. त्या प्राण्याचा कण जरी दगडाला चिकटून राहिला, तरी त्यातून नवं फूल उगवतं. पंधरा दिवसांत माझ्या काचेवर, पंपाच्या जाळीवर, दगडाच्या पाठीमागे भुरी फुलंच फुलं झाली. एक गोगलगाय त्यांच्यात अडकून मेली. माशांच्या अंगावर पांढरट चट्टे उठले. बुद्धरत्नने या फुलांना खाणारी म्हणून एक कोळंबी दिली. ती फुलांकडे ढुंकूनही न बघता माशांचं खाणं पळवू लागली.

"आमच्याकडे हिचं कालवण करतात," इंदुताई म्हणाल्या. अर्जुनराव हसले नाहीत. ते तेव्हा फार दमलेले असायचे. कंपनीत माल वेळेवर द्यायची घाई होती, ओव्हरटाइम सुटत नव्हता. "रविवारी बघतो," असं ते रोज म्हणायचे. रविवारी झोपून राहायचे.

आणि मग एका मंगळवारी ते घरी आलेच नाहीत. दुसऱ्या दिवशी शेजारी आले आणि दवाखान्यात थांबलेल्या इंदुताईंचे कपडे पिशवीत भरून घेऊन गेले, एवढंच मला कळलं. आठ दिवसांनी अर्जुनराव घरी आले, तेव्हा त्यांच्या उजव्या हाताला जाडजूड पट्टी होती. अंगठ्याजवळची दोन बोटं मशीनमध्ये गेली होती.

ते माझ्यासमोरच्या खुर्चीत बसायचे, पण माझ्याकडे बघायचे नाहीत. जेवण अर्धं टाकायचे. कुणी आलं की डोळे मिटायचे. पाणी बदललं जात नव्हतं, माझ्या काचेवर हिरवा थर चढत होता. दोन मासे एका कोपऱ्यात, पंपाच्या पाण्याकडे पाठ करून, कसेबसे तरंगत होते. बाकी सगळी जागा त्या फुलांची.

एकदा दुपारी एक माणूस केळी घेऊन आला. चाळिशीच्या आतबाहेरचा, उन्हाने काळवंडलेला. त्याचं नाव सुजित. तो त्याच मशीनवर कंत्राटी कामगार होता. अर्जुनरावांचा हात आत असताना मशीन त्यानेच चालू केलं होतं, म्हणून चौकशीनंतर त्याला घरी पाठवलं होतं.

तो स्टुलाच्या टोकावर बसला. म्हणाला, "भाऊ, आईशपथ, पॅनलवर हिरवा दिवा होता. मशीनचं दार बंद असल्याशिवाय हिरवा लागत नाही, एवढंच मला माहीत. नाहीतर मी बटण दाबलं असतं का?"

अर्जुनराव खाली बघत होते.

"कुणी ऐकत न्हाई माझं. तुम्ही मशीनचे जाणकार. तुम्हाला काही आठवत असंल तर साहेबांना सांगा. दुसरीकडे कामाला गेलो तर आधी तेच विचारतात, की तूच का तो."

"मला तेव्हाचं काही आठवत नाही रे," अर्जुनराव म्हणाले.

सुजित उठला. मग इंदुताईंनी दिलेला चहा उभ्यानेच पिऊन गेला. त्या दिवशी अर्जुनराव जेवले नाहीत. केळी तशीच काळी पडली.

इंदुताईंची दमणूक मी रोज बघत होते. दवाखाना, पट्टी, स्वयंपाक, नवऱ्याची अंघोळ, आणि वर हे न बोलणं. एका सकाळी त्या कंबरेवर हात ठेवून माझ्यासमोर उभ्या राहिल्या. मला वाटलं, आता संपलं, आता पुन्हा गच्ची. त्यांनी बादलीही आणली होती. पण त्या दोन माशांकडे बघत त्या बराच वेळ उभ्या राहिल्या. मग बादली ठेवून त्या बुद्धरत्नकडे गेल्या.

परत आल्या त्या पानवाल्याकडचा चुना आणि एक नवी सिरिंज घेऊन. अर्जुनरावांना त्यांनी बजावून सांगितलं, "तो म्हणाला, चुना घट्ट कालवायचा. पंप बंद करायचा आणि फूल उमललेलं असतानाच बरोबर त्याच्या तोंडावर सोडायचा. पण दिवसाला चारच. जास्त केली तर चुन्याने पाणी बिघडतं आणि मासे मरतात. मी करते. तुम्ही बॅटरी धरा, डावा हात आहे ना?"

अर्जुनराव उठले. महिन्याभरात ते पहिल्यांदाच आपणहून उठले होते.

मग रोज दुपारी जेवणं झाली की ही दोघं माझ्यासमोर बसायची. अर्जुनराव डाव्या हाताने बॅटरीचा उजेड दगडाच्या खाचेत पाडायचे. इंदुताई श्वास रोखून सिरिंज आत घालायच्या. पांढरा चुना फुलावर पडला की ते मिटायचं आणि त्यातच गाडलं जायचं. चार झाली की पुरे. पहिल्या आठवड्यात काही फरकच दिसेना. चार गेली की मागून दोन उगवत. इंदुताईंची मान दुखे, अर्जुनरावांचा हात भरून येई. "हे संपणार कधी?" एकदा अर्जुनरावांनी विचारलं. "काय ठाऊक," इंदुताई म्हणाल्या आणि सिरिंज धुवायला गेल्या. पण तीन आठवड्यांनी माझी समोरची काच मोकळी झाली. एक मासा मधल्या पाण्यात आला.

पुढच्या रविवारी इंदुताई एका बारशाला देहूला गेल्या. घरात अर्जुनराव एकटे होते. ते येरझाऱ्या घालत होते. मग माझ्यासमोर बसले आणि राहिलेली फुलं मोजू लागले. सव्वीस होती. त्यांनी वाटीभर चुना कालवला. सिरिंज डाव्या हातात धरली आणि एकामागून एक फुलांवर चुना सोडायला सुरुवात केली. चार झाली, आठ झाली, ते थांबेनात. "आज संपवतोच," असं ते पुटपुटत होते. मला ओरडता आलं असतं तर मी ओरडले असते, मित्रांनो. माझं पाणी दुधासारखं पांढरं झालं. मासे वर येऊन तोंड उघडू-मिटू लागले. मग त्यांना भान आलं. त्यांनी धावपळ करून निम्मं पाणी काढलं, नवं पाणी कालवलं. एका हाताने बादल्या उचलताना सगळी फरशी ओली झाली.

इंदुताई संध्याकाळी आल्या तेव्हा ते त्या ओल्या फरशीवर बसले होते. पुढ्यात ताटलीत एक मासा मरून पडला होता.

इंदुताईंनी पिशवी खाली ठेवली.

"मी मारला," अर्जुनराव म्हणाले. "मला माहीत होतं चारच करायची. तरी केलं."

"जाऊ दे आता. उठा, फरशी गार आहे."

"इंदू, त्या मशीनच्या दाराचा स्विच मीच तारेने बांधला होता."

इंदुताई तिथेच थांबल्या.

मग अर्जुनरावांनी सगळं सांगितलं, तुटक तुटक, माशाकडे बघत. त्या मशीनच्या दाराला एक सुरक्षेचा स्विच होता. दार उघडं असलं की मशीन चालूच होऊ नये म्हणून तो असतो. तो बिघडला होता. कधी चालायचा, कधी नाही, आणि दार बंद असूनही मशीन मध्येच थांबवायचा. काम खोळंबायचं, वरून ओरडा व्हायचा. म्हणून अर्जुनरावांनी तो तारेने बांधून टाकला. दार उघडं असलं तरी मशीनला ते बंदच वाटावं असा. "आज राहू दे, रविवारी नवा बसवू," असं ते म्हणाले होते. असे तीन महिने गेले. त्या मंगळवारी दार उघडून ते अडकलेला तुकडा काढत होते. पलीकडे उभ्या सुजितला ते दिसत नव्हते. त्याला दिसला तो हिरवा दिवा.

"बोटं गेली तेव्हा लोक धावत येत होते," अर्जुनराव म्हणाले. "रक्त वाहत होतं, आणि मी पहिलं काय केलं ठाऊक आहे? डाव्या हाताने ती तार ओढून काढली आणि खिशात घातली. चौकशीच्या दिवशी स्विच नेमका बरा चालला. सगळं त्या सुजितवर गेलं."

माझ्या पंपाचा तेवढा आवाज होता.

"तो इथे येऊन केळी देऊन गेला," इंदुताई म्हणाल्या. "आणि मी त्याला चहा दिला. मला वाटलं, केवढं मोठं मन आपलं."

अर्जुनराव रडू लागले. इंदुताईंनी त्यांना जवळ घेतलं नाही. त्यांनी मेलेला मासा कागदात गुंडाळला, बाहेर तुळशीच्या कुंडीत पुरला आणि हात धुऊन आल्या.

"उद्या कंपनीची बस किती वाजता येते?" त्यांनी विचारलं.

"सहाला. पण अजून मला डॉक्टरांनी..."

"हाताला सुट्टी दिलीय. तोंडाला नाही."

सोमवारी अर्जुनराव इस्त्रीचा शर्ट घालून गेले. दिवसभर इंदुताई घरात उगाच भांडी घासत राहिल्या. माझ्यातला एकटा उरलेला मासा कोपऱ्यातून हलला नाही. दुपारी इंदुताईंनी माझं थोडं पाणी बदललं.

ते परत आले तेव्हा चेहरा राखेसारखा झाला होता. खुर्चीत बसून पाणी प्यायले. म्हणाले, "सांगितलं सगळं. लेखी दिलं. मेंटेनन्समधून काढून मला स्टोअरला टाकणार. बत्तीस वर्षं हत्यारं हातात होती, आता नट-बोल्ट मोजून द्यायचे."

"आणि सुजित?"

"त्याला परत बोलावणार. इंदू, माझं ऐकून साहेबांनी लगेच सगळ्या मशीनची दारं तपासायला लावली. आणखी पाच ठिकाणी तसल्याच तारा निघाल्या. आमच्यातल्या दोघातिघांनी बांधलेल्या. सगळ्यांनी रविवारचाच वायदा केला होता."

दोन महिन्यांनी सुजित आला. कंपनीचा गणवेश घातलेला होता, थेट शिफ्टवरून आला असावा. अर्जुनराव लगबगीने उठले, "ये, बस," म्हणाले. तो दारातच उभा राहिला.

"कामावर घेतलं मला. तेवढंच सांगायला आलो."

"सुजित, माझं चुकलं रे बाबा."

"तुमी सांगितलंत, भाऊ. दुसऱ्या कुणी सांगितलं नसतं, हे मला ठाऊक हाय. पण साडेतीन महिने मी घरात मान खाली घालून बसलो होतो. माझ्या पोरीनं इचारलं, पप्पा, तुमी खरंच काकांची बोटं तोडली का? तेवढं काय अजून जात न्हाई."

तो गेला. अर्जुनराव दाराजवळच उभे राहिले. इंदुताईंनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. त्या रविवारनंतर त्यांनी पहिल्यांदाच तसं केलं होतं.

मित्रांनो, त्यालाही आता वर्ष होऊन गेलं. भुरी फुलं पूर्ण गेली, असं मला सांगता आलं असतं तर किती बरं झालं असतं. पण ती गेलेली नाहीत. चार-सहा आठवड्यांनी दगडाच्या कुठल्यातरी खाचेत एक उगवतंच. मात्र आता ते दिसलं की कुणी "छान आहे" म्हणत नाही, "रविवारी" म्हणत नाही आणि वाटीभर चुनाही कालवत नाही. दोघं येऊन बसतात. एक जण उजेड धरतो, दुसरी चुना सोडते. हातपाय दुखत असतात, तरी बसतात. एकट्या माशाला सोबत म्हणून बुद्धरत्नने एक लहान मासा दिला आहे. पहिले काही दिवस जुना मासा त्याला जवळ येऊ देत नव्हता. आता रात्री ते दोघे दगडाच्या एकाच कपारीत असतात.

मी किती दिवस टिकेन, ठाऊक नाही. माझा पाझरणारा कोपरा अर्जुनरावांनी परवा पाहिला. तीनच बोटांच्या हाताने त्यांनी तो चाचपला आणि लगेच पाणी उतरवायला घेतलं. मासे बादलीत गेले, मी रिकामी झाले. मित्रांनो, तुम्हाला माझं एवढंच मागणं आहे. तुमच्या घरातल्या वस्तू, मुके जीव, तुमच्या हाताखाली राबणारी माणसं, यांना तुमच्यावर ओरडता येत नाही. त्यांच्यात काही लहानसं बिघडलेलं दिसलं तर त्याच दिवशी हात घाला. आणि उशीर झालाच असेल, तर तसं कबूल करून हात घाला.

आता माझ्या कोपऱ्यातला, काचा जोडणारा जुना थर खरवडून काढून नवा भरायचं काम चालू आहे. दुखतं थोडं. पण अर्जुनराव घाई करत नाहीत.